पेल्यातली विद्या पानावर आणणारा जेरी थॉमस

१८६२ हे अमेरिकेतील यादवी युद्धाचे दुसरे वर्ष. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील डिक अँड फिट्झजेराल्ड या प्रकाशनसंस्थेने एक छोटेखानी पुस्तक बाजारात आणले. पत्रे कशी लिहावीत, दिवाणखान्यात कोणते खेळ खेळावेत, जादूचे प्रयोग कसे करावेत, अशा विषयांवरची मार्गदर्शक पुस्तके काढण्यात ही संस्था वाकबगार होती. या नव्या पुस्तकात मद्ये, लिंबू, साखर, मसाले आणि बर्फ यांचे मिश्रण कोणत्या मापाने करावे, हे सांगितले होते. अमेरिकेत मिश्र मद्यांवर छापलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. त्याचे नाव ‘हाऊ टू मिक्स ड्रिंक्स, ऑर द बॉन व्हिव्हंट्स कम्पॅनियन’ आणि लेखकाचे नाव जेरी थॉमस. हा लेखक साहित्यिक नव्हता, वैद्य नव्हता की रसायनशास्त्रज्ञही नव्हता. काउंटरमागे उभे राहून गिऱ्हाइकांचे पेले भरणे, हा त्याचा व्यवसाय होता.

आज घरी चार पाहुणे आले असता रम आणि ब्रँडी मापून घेणारा, त्यात लिंबू पिळून बर्फ घालणारा यजमान या माणसाचा ऋणी आहे. त्या ऋणाची जाणीव बहुतेकांना नसते. एखाद्या कारागिराने आपली कसबी विद्या स्वतःजवळ न ठेवता लिहून काढली, म्हणजे पुढे तिचे काय होते आणि त्या कारागिराचे काय होते, याची ही हकिगत आहे.

जेरी थॉमसचा जन्म ३० ऑक्टोबर १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात, ऑन्टारिओ सरोवराकाठच्या सॅकेट्स हार्बर या गावी झाला. तरुणपणी तो कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन शहरात आला आणि तेथेच त्याने मद्ये मिसळण्याचे पहिले धडे घेतले. हा धंदा शिकवणारी शाळा तेव्हा नव्हती. उमेदवाराने जुन्या माणसाच्या हाताखाली राहावे, पेले धुवावेत, बर्फ फोडावा आणि उस्तादाच्या हाताकडे पाहत पाहत शिकावे, अशी रीत होती. मापे उस्तादाच्या मनगटात असत आणि चव त्याच्या जिभेवर. विचारले तर सांगितलेच जाईल, याची खात्री नसे.

पुढे थॉमस खलाशी झाला. १८४९ साली कॅलिफोर्नियात सोन्याचा शोध घेणाऱ्यांची झुंबड उडालेली असताना तो जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला आणि तेथेच जहाज सोडून उतरला. शहर अजून धड उभेही राहिलेले नव्हते. पण जुगारअड्डे मात्र दिमाखात चालत होते. त्यांपैकी एल डोराडो नावाच्या प्रसिद्ध अड्ड्याच्या बारमध्ये त्याला मदतनिसाचे काम मिळाले. खाणीतून आलेले लोक सोन्याची भुकटी देऊन पेला विकत घेत. थॉमसने स्वतःही खाणीत नशीब आजमावले, नाटकी तमाशांच्या मंडळीचा कारभार पाहिला आणि दोन वर्षांत गाठीशी पैसे बांधून तो पूर्वेला परतला.

१८५१ साली न्यूयॉर्कमध्ये बार्नम यांच्या सुप्रसिद्ध अमेरिकन म्युझियमखाली त्याने भागीदारीत बार उघडला. परंतु एका जागी स्थिरावणे त्याच्या स्वभावात नव्हते. सेंट लुइस, चार्ल्सटन, न्यू ऑर्लिन्स, पुन्हा सॅन फ्रान्सिस्को, पुन्हा न्यूयॉर्क, अशी त्याची भटकंती वर्षानुवर्षे चालू राहिली. प्रत्येक शहराची पिण्याची तऱ्हा वेगळी होती. कुठे व्हिस्की, कुठे ब्रँडी, कुठे रम. कुठे पुदिना, तर कुठे जायफळ. रेल्वेचे जाळे अजून विणले जात असलेल्या त्या देशात एका शहराचे पेय दुसऱ्या शहराला ठाऊक असेच, असे नाही. थॉमस मात्र ती सारी पाहत, चाखत, शिकत हिंडला. पुढे पुस्तक लिहिताना हीच भटकंती त्याच्या कामी आली.

त्याचा थाटही विलक्षण होता. अंगावर हिऱ्यांचे दागिने घालून तो काउंटरमागे उभा राहत असे. मद्ये मिसळण्याची त्याची भांडी चांदीची होती. १८५९ च्या सुमारास हजारो डॉलर किमतीचा तो संच बरोबर घेऊन त्याने इंग्लंडचा दौरा केला आणि अमेरिकी मिश्र मद्यांचे प्रयोग तेथील लोकांना करून दाखवले. पेला भरणारा नोकर ही आपली ओळख पुसून टाकून तो स्वतःला कलावंत म्हणून उभे करत होता.

या कलावंतपणाचा कळस म्हणजे ब्लू ब्लेझर हे पेय. मोठ्या मुठीच्या, चांदीचा मुलामा दिलेल्या दोन मगांपैकी एकात स्कॉच व्हिस्की आणि उकळते पाणी घ्यायचे, ते पेटवायचे आणि जळता द्रव या मगातून त्या मगात चार-पाच वेळा ओतायचा. अंधाऱ्या खोलीत निळ्या ज्वाळेची धार हवेत झुलताना दिसे आणि पाहणारे स्तब्ध होत. शेवटी चमचाभर साखर आणि लिंबाच्या सालीचा तुकडा घालून पेला पुढे केला जाई. या पेयाभोवती पुष्कळ दंतकथा गुंफल्या गेल्या. त्याहून अधिक लक्षात राहते ती थॉमसने पुस्तकात दिलेली सूचना. नवशिक्याने हा प्रयोग करण्यापूर्वी थंड पाण्याने बराच काळ सराव करावा, असे त्याने बजावले आहे. काउंटरपुढे बसलेल्या गिऱ्हाइकाला असली सूचना द्यावी लागत नाही. ती दिली आहे दूर कुठेतरी, आपल्या घरात पुस्तक उघडून बसलेल्या अनोळखी वाचकाला.

पुस्तकात दोनशेहून अधिक कृती होत्या. आज ज्याला सरसकट कॉकटेल म्हटले जाते, तो शब्द त्या काळी एका विशिष्ट प्रकारापुरता होता: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू औषधी अर्काचे दोन-चार थेंब. पहिल्या आवृत्तीत अशा कॉकटेलच्या कृती जेमतेम १० आहेत. पुस्तकाचा आरंभ होतो तो पंचने, आणि सर्वाधिक जागाही पंचनेच व्यापली आहे.

हा पंच गोव्याच्या वाचकाला परका वाटू नये. ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रव्यवहारात १६३२ साली या पेयाचा उल्लेख येतो. पश्चिम किनाऱ्यावर आणि गोव्यातही हिंडलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात या नावाचा संबंध आपल्या पाच या अंकाशी जोडला आहे. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला, असे त्याचे पाच घटक सांगितले जातात. या व्युत्पत्तीबद्दल अभ्यासकांत मतभेद असले, तरी किनाऱ्यावरचे इंग्रज हे पेय गोव्याच्या अर्कापासून करत, हे फ्रायरच्या नोंदीवरून स्पष्ट होते. माडाच्या सुरेपासून गाळलेला गोव्याचा अर्क पुढे इंग्लंडातही नावाजला गेला. थॉमसच्या पुस्तकात अरॅक पंच आहेच. मात्र त्याच्या काळी अमेरिकेत येणारा अर्क मुख्यत्वे बटाव्हियाचा, म्हणजे आजच्या जकार्ताचा, होता.

पंचच्या कृतींपैकी फिलाडेल्फिया फिश हाउस पंच ही कृती अनेक मद्यांच्या मिश्रणाचा उत्तम नमुना आहे. १७३२ साली स्थापन झालेल्या, मासेमारीची हौस असलेल्या सभासदांच्या एका फिलाडेल्फियातील क्लबचे हे पेय. थॉमसने ते स्वतःचे म्हणून सांगितले नाही. चार्ल्स लेलँड या फिलाडेल्फियाच्या लेखकाजवळच्या कृतीवरून ते घेतल्याची नोंद त्याने केली आहे. पाव पिंट पीच फळाची ब्रँडी, अर्धा पिंट कोन्याक आणि पाव पिंट जमैकाची रम, असे मिळून एक पिंट मद्य. त्याला एक तृतीयांश पिंट लिंबाचा रस, पाऊण पौंड साखर आणि अडीच पिंट थंड पाणी. आजच्या मापात सांगायचे, तर सुमारे २३५ मिलिलिटर कोन्याक, रम आणि पीच ब्रँडी प्रत्येकी सुमारे १२० मिलिलिटर, लिंबाचा रस सुमारे १६० मिलिलिटर, साखर ३४० ग्रॅम आणि पाणी सव्वा लिटरला थोडे कमी.

हे पेय घरी करताना क्रमाला महत्त्व आहे. साखर मद्यात सहजी विरघळत नाही. म्हणून ती आधी लिंबाच्या रसात आणि थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावी लागते. मग मद्ये, मग उरलेले पाणी आणि शेवटी बर्फ. बर्फाचे बारीक तुकडे घातले, तर ते लवकर वितळून पंच पाणचट होतो. एक मोठा तुकडा घातला, तर तो सावकाश वितळत पेय थंड राखतो. तिन्ही मद्यांची कामेही वेगवेगळी आहेत. कोन्याक मिश्रणाला अंग देते, रम गुळचट जडपणा आणते आणि पीच ब्रँडी सुगंध पुरवते. त्या काळची पीच ब्रँडी ही फळापासून गाळलेली कडक दारू होती. आज त्या नावाने मिळणारे बहुतेक गोड मद्य घातल्यास साखर कमी करावी लागते. एका मद्याने दुसऱ्यावर कुरघोडी करू नये, हे या मिश्रणाचे सारे मर्म आहे आणि ते मापावाचून साधत नाही.

मापाचा आणखी एक अर्थ येथे आहे. एवढा पंच साधारणपणे एका माणसाला पुरतो, अशी मिस्कील टीप त्या कृतीखाली छापलेली आहे. ती विनोद म्हणूनच वाचावी. एक पिंट मद्य म्हणजे ३० मिलिलिटरचे जवळजवळ १६ पेग होतात. साखर आणि लिंबाने त्यांचा कडवटपणा झाकला जातो, पण परिणाम झाकला जात नाही. पाण्यासह तयार झालेले दोन लिटर पेय ताकदीने हलक्या वाइनच्या जवळपास असते आणि ते आठ-दहा जणांत वाटून घेण्यासाठीच आहे.

बर्फाविषयीही येथे सांगितले पाहिजे. थॉमसच्या बहुतेक कृती बर्फावाचून उभ्या राहत नाहीत. हा बर्फ यंत्रात तयार होत नसे; न्यू इंग्लंडमधील गोठलेल्या तळ्यांतून तो करवतीने कापून काढत, भुशात गुंडाळून साठवत आणि जहाजांनी दूरवर पाठवत. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८३३ मध्ये तो कलकत्त्याला आणि १८३४ मध्ये मुंबईला पोहोचवला. हा धंदा वाढला आणि अमेरिकेत बर्फ स्वस्त झाला, म्हणूनच थॉमससारख्यांची कला बहरली.

पुस्तकातील सारे काही थॉमसच्या कल्पनेतून आलेले नव्हते. कित्येक कृती त्याने आधीच्या ब्रिटिश पुस्तकांतून घेतल्या होत्या. टॉम अँड जेरी हे अंडी आणि गरम मद्याचे पेय आपणच शोधले, असे तो सांगे. परंतु त्याच्या जन्मापूर्वीच्या वृत्तपत्रांत त्या पेयाचे नाव आढळते. मार्टिनीचे पूर्वरूप समजल्या जाणाऱ्या मार्टिनेझचे श्रेयही त्याला अनेकदा दिले जाते. ती कृती मात्र त्याच्या मृत्यूनंतरच्या १८८७ च्या आवृत्तीत आली आणि त्याआधी, १८८४ मध्ये, दुसऱ्याच एका पुस्तकात छापली गेली होती.

त्याच काळात त्याच्या तोडीचे इतर कारागीर होते आणि त्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. गुलामगिरीतून सुटून न्यूयॉर्कजवळ खानावळ चालवणारा केटो अलेक्झांडर थॉमसच्या आधीच्या पिढीत मिश्र मद्यांसाठी ख्यातनाम होता. व्हर्जिनियातील रिचमंडचा जॉन डॅबनी गुलाम असतानाच इतका निष्णात झाला, की १८६० साली ब्रिटनचे युवराज त्या शहरी आले असता त्यांना पुदिन्याचे जुलेप त्याने करून दिले. यांच्यापैकी कोणाचे पुस्तक निघाले नाही. ज्याला लिहिण्याची, छापण्याची आणि आपले नाव मुखपृष्ठावर टाकण्याची मुभा होती, त्याचे नाव उरले. थॉमसचे कर्तृत्व याने उणे होत नाही. पण त्याच्या पुस्तकातल्या विद्येत अशा कित्येक अनामिकांचे हात मिसळलेले आहेत, हे ध्यानी घ्यावे लागते.

१८६६ साली थॉमसने आपल्या भावासह ब्रॉडवेवर स्वतःचा बार उघडला. हा त्याच्या आयुष्यातील सर्वांत भरभराटीचा काळ. भिंतींवर थॉमस नास्ट या नामांकित व्यंगचित्रकाराची चित्रे झळकत होती. आकृती वेड्यावाकड्या दाखवणारे आरसेही तेथे होते, आणि त्यांत स्वतःला पाहून गिऱ्हाइके पोट धरून हसत. राजकारणी, नट, व्यापारी, पत्रकार तेथे जमत. याच काळात त्याचे लग्न झाले आणि दोन मुलींचा बाप होऊन तो संसारी माणूस बनला. चित्रे जमवण्याचा नाद होता, तसाच भोपळे वाढवण्याचाही. हौशी मंडळींच्या भोपळा क्लबात त्याची ऊठबस होती.

पेल्यातले माप कधी न चुकवणाऱ्या या माणसाला पैशाचे माप मात्र राखता आले नाही. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात त्याने पैसा गुंतवला आणि तो बुडाला. बार विकावा लागला, मोठ्या हौसेने जमवलेली चित्रे लिलावात काढावी लागली. उतारवयात त्याने लहान जागेत पुन्हा धंदा मांडून पाहिला. परंतु पूर्वीचे दिवस परतले नाहीत. १५ डिसेंबर १८८५ रोजी पक्षाघाताच्या झटक्याने त्याचा न्यूयॉर्क येथे अंत झाला. तेव्हा तो ५५ वर्षांचा होता. शहराच्या वृत्तपत्रांनी त्याच्या मृत्यूची दखल घेतली. ब्राँक्समधील वुडलॉन स्मशानभूमीत त्याचे दफन झाले.

पुस्तकाचे आयुष्य मात्र तेथे संपले नाही. १८७६ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली होती. मृत्यूनंतर १८८७ मध्ये आणखी एक निघाली. पुढे १९२० साली अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. बार बंद पडले, निष्णात बारटेंडर देशोधडीला लागले. काही लंडन, पॅरिस, हवानाला गेले, तर काहींनी धंदाच सोडला. हाताकडून हाताकडे चालत आलेली विद्या एका पिढीत खंडित झाली. दारूबंदी चालू असतानाच, १९२८ साली, हर्बर्ट ऑस्बरी या पत्रकाराने दीर्घ प्रस्तावनेसह थॉमसचे पुस्तक पुन्हा प्रसिद्ध करवले. बार नव्हते, मद्यमिश्रण आता मागल्या दारातून घरांत शिरले होते. थंड पाण्याने सराव करा, असे थॉमसने ज्याला उद्देशून लिहिले होते, तो घरबसल्या शिकणारा वाचक आता खऱ्या अर्थाने अवतरला. १९३३ मध्ये बंदी उठल्यावर काउंटरमागे नव्याने उभ्या राहणाऱ्यांसाठीही जुन्या पुस्तकांतल्या कृती हाच दुवा उरला होता. २००७ मध्ये डेव्हिड वॉन्ड्रिच या अभ्यासकाने थॉमसच्या जीवनाचा आणि कृतींचा साक्षेपी शोध घेणारा ग्रंथ लिहिला. त्यानंतर जगभरच्या बारमध्ये त्याच्या कृती पुन्हा करून पाहिल्या जाऊ लागल्या.

गोव्यात काजूच्या हंगामात भट्टी लावणाऱ्यांची विद्याही अशीच पिढ्यान्‌पिढ्या डोळ्याने पाहून आणि नाकाने ओळखून पुढे चालत आली आहे. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तिची कृती आणि तिचा प्रदेश निदान अधिकृत कागदावर नोंदला गेला. माडाचे रेंदेर आणि काजूच्या भट्ट्या कमी होत असताना अशा नोंदीचे मोल काय असते, हे थॉमसच्या पुस्तकाच्या प्रवासावरून उमगते.

थॉमसची चित्रे लिलावात गेली, बार दुसऱ्यांच्या हाती गेले. दीडशेहून अधिक वर्षांनंतर त्याचे पुस्तक मात्र अजून छापले जाते. कुठल्याशा घरात ते उघडून कोणी लिंबाच्या रसात साखर विरघळवतो, मग रम, कोन्याक आणि पीच ब्रँडी एकेक करून मापतो आणि शेवटी बर्फाचा मोठा तुकडा अलगद सोडतो.